स्टुडिओतील हार्ड डिस्क आणि पुन्हा न मिळणारा टेक

ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत माइक, प्रीॲम्प आणि मॉनिटर स्पीकर यांच्या निवडीवर महिनोन्‌महिने विचार होतो, पण हे सगळे काम अखेर ज्या हार्ड डिस्कवर साठते तिच्याकडे बहुधा ती बंद पडल्यावरच लक्ष जाते. कार्यालयातील कागदपत्रे गेली तर ती कष्टाने का होईना पुन्हा तयार करता येतात. एखाद्या ज्येष्ठ गायकाने एका संध्याकाळी गायलेला ख्याल मात्र दुसऱ्या दिवशी तसाच गायला जात नाही, आणि तो गायक हयात नसेल तर प्रश्नच मिटतो. म्हणून स्टुडिओच्या संगणकाबाबत काळजीचा मुद्दा डिस्कची किंमत हा नसून तिच्यावरची एकमेव प्रत हा आहे.

हार्ड डिस्कच्या आत ॲल्युमिनियमच्या किंवा काचेच्या तबकड्या असतात आणि त्यांच्यावर चुंबकीय पदार्थाचा अतिशय पातळ थर असतो. टेबलावरच्या संगणकातील साडेतीन इंची डिस्कमध्ये या तबकड्या बहुधा मिनिटाला ७,२०० फेरे घेतात, म्हणजे बाहेरच्या कडेचा वेग ताशी सुमारे १३० किलोमीटर होतो. माहिती वाचणारे आणि लिहिणारे हेड तबकडीला टेकत नाही. ते तिच्याबरोबर फिरणाऱ्या हवेच्या थरावर तरंगते आणि दोघांमधील अंतर अवघे काही नॅनोमीटर असते. माणसाच्या केसाची जाडी सत्तर-ऐंशी हजार नॅनोमीटर असते, हे लक्षात घेतले म्हणजे चालू डिस्कला बसलेला छोटासा धक्काही का महागात पडतो ते कळते. हेड तबकडीवर आपटले की चुंबकीय थर खरवडला जातो, आणि सुटलेले कण पुढच्या प्रत्येक फेरीत नवे ओरखडे पाडत राहतात.

हेड ज्या भुजेच्या टोकाला असते ती भुजा हलवणारी यंत्रणा स्पीकरच्याच तत्त्वावर चालते: चुंबकीय क्षेत्रात ठेवलेले तारेचे वेटोळे आणि त्यातून वाहणाऱ्या विजेच्या प्रमाणात होणारी हालचाल. तिला ‘व्हॉइस कॉइल’ असेच म्हणतात. आजच्या डिस्कवर माहितीच्या मार्गिका एकमेकींपासून शंभर नॅनोमीटरपेक्षाही कमी अंतरावर असतात, आणि या यंत्रणेला हेड नेमक्या मार्गिकेवर धरून ठेवावे लागते. बाहेरच्या कंपनाने हेड किंचित जरी सरकले, तरी शेजारची माहिती बिघडू नये म्हणून डिस्क लिहिणे थांबवते आणि तीच जागा पुन्हा हेडखाली येण्याची वाट पाहते. ही एक फेरी सुमारे ८.३ मिलिसेकंदांची असते. अशा फेऱ्या वाया जात राहिल्या तर अनेक ट्रॅक एकाच वेळी मुद्रित होत असताना सॉफ्टवेअर मागे पडते आणि मुद्रण तुटते.

ध्वनीचा डिस्कवर परिणाम होतो, हे आता प्रत्यक्ष दाखवले गेले आहे. २००८ च्या अखेरीस सन मायक्रोसिस्टिम्सचे अभियंते ब्रेंडन ग्रेग यांनी चालू डिस्कांच्या संचासमोर मोठ्याने ओरडून दाखवले, आणि त्याच क्षणी डिस्कांच्या प्रतिसादाला लागणारा वेळ एकदम वाढल्याचे पडद्यावरील आलेखात दिसले. सप्टेंबर २०१६ मध्ये बुखारेस्ट येथील आयएनजी बँकेच्या माहिती केंद्रात अग्निशमन यंत्रणेची चाचणी घेताना वायू इतक्या प्रचंड आवाजाने बाहेर पडला की अनेक डिस्क बिघडल्या आणि बँकेच्या सेवा कित्येक तास बंद राहिल्या. नेहमीच्या स्टुडिओत इतका आवाज होत नाही, आणि मॉनिटरच्या आवाजाने डिस्क मरेल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. तरीही सबवूफरच्या बाजूला किंवा त्याच लाकडी रॅकवर बाह्य डिस्क ठेवण्याची सवय मोडावी, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

विजेचा मुद्दा थोडक्यात सांगता येतो. संगणक माहिती आधी तात्पुरत्या स्मृतीत घेतो आणि मग सवडीने डिस्कवर उतरवतो. या मधल्या काळात वीज गेली तर ती माहिती जाते, आणि फाइलींची अनुक्रमणिकाही अर्धवट लिहिली जाऊ शकते. चांगला यूपीएस असला की सेशन, म्हणजे त्या मुद्रणाचे सगळे काम, जतन करून संगणक रीतसर बंद करण्याइतका वेळ हातात राहतो.

डिस्क कधी बंद पडेल, हे आधी ओळखता येते का? बहुतेक डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवतात. तिला ‘स्मार्ट’ म्हणतात, आणि खराब झालेले किती सेक्टर, म्हणजे तबकडीवरचे माहितीचे छोटे कप्पे, बाजूला काढले गेले, हे तीत पाहता येते. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक आढळलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता, तशी चूक न आढळलेल्या डिस्कच्या तुलनेत ३९ पट असल्याचे त्यांना दिसले. म्हणजे इशारा मिळाला तर डिस्क त्याच दिवशी बदलावी. पण त्याच अभ्यासात असेही आढळले की बंद पडलेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कांनी सर्वांत महत्त्वाच्या चार संकेतांपैकी एकही दिला नव्हता. त्यामुळे इशारा न मिळणे हे डिस्क निरोगी असल्याचे प्रमाणपत्र मानता येत नाही.

अनेक जण यावर ‘रेड’चा उपाय करतात. पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी बर्कली येथे मांडलेली आणि १९८८ साली प्रसिद्ध झालेली ही कल्पना उत्तम आहे: माहिती अनेक डिस्कांवर अशी पसरायची की एक डिस्क गेली तरी काम चालू राहावे. मात्र चुकून पुसलेला टेक सगळ्या डिस्कांवरून त्याच क्षणी पुसला जातो, आणि खंडणीखोर व्हायरसने कुलूपबंद केलेली फाइल सगळीकडे सारखीच कुलूपबंद होते. शिवाय बंद पडलेल्या डिस्कच्या जागी बसवलेली १२ टेराबाइटची नवी डिस्क सेकंदाला २०० मेगाबाइट या वेगाने भरायला सोळा तासांहून अधिक वेळ लागतो, आणि तेवढा वेळ उरलेल्या डिस्कांवर ताण असतो. त्या एकाच दिवशी, एकाच खोक्यातून विकत घेतलेल्या असतील तर काळजी अधिकच वाढते. एसएसडीमध्ये, म्हणजे तबकड्यांऐवजी चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारे भाग नसल्याने धक्का आणि कंपन यांचा प्रश्न सुटतो, आणि मुद्रणासाठी तीच वापरावी. पण ती बंद पडते तेव्हा बहुधा अचानक पडते, आणि पुसलेली जागा ती स्वतःच साफ करत असल्याने गेलेली फाइल तिच्यातून परत मिळणे फार कठीण असते.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ‘३-२-१’ नियम स्टुडिओला नेमका लागू पडतो: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी. ही तिसरी अटच सर्वाधिक टाळली जाते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. अशा पुरात तळमजल्यावरील खोलीत संगणक आणि बॅकअप दोन्ही असतील तर दोन्ही एकदमच पाण्याखाली जातात. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील साठ्याला लागलेल्या आगीत नायट्रेट फिल्मची जुनी रिळे जळाली, आणि त्यांत प्रभातच्या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्हही होत्या. माध्यम कोणतेही असो, सगळा ठेवा एका छताखाली असला की असे होते.

दूरची प्रत इंटरनेटवरून पाठवणे अवघड आहे असे वाटते, पण हिशेब करून पाहावा. ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट या प्रमाणाने एका ट्रॅकला मिनिटाला सुमारे ८.६ मेगाबाइट जागा लागते. २४ ट्रॅकचे एक तासाचे सेशन साडेबारा गिगाबाइटच्या आत बसते, आणि सेकंदाला १० मेगाबिट पाठवणाऱ्या जोडणीवरून ते पावणेतीन तासांत, म्हणजे रात्रीतून, सहज जाते. याशिवाय एक डिस्क प्रत काढून झाल्यावर केबलसकट सोडवून ठेवावी, कारण न जोडलेल्या डिस्कपर्यंत व्हायरसही पोहोचत नाही आणि विजेचा झटकाही.

प्रत काढली की ती तपासावी. मूळ फाइल आणि प्रत यांचा चेकसम, म्हणजे फाइलमधील प्रत्येक बिटवरून काढलेली ओळखसंख्या, जुळला तर नक्कल अचूक झाली असे मानता येते. त्यापुढे जाऊन दर काही महिन्यांनी बॅकअपमधील एखादे जुने सेशन दुसऱ्या संगणकावर उघडून ऐकावे, कारण फाइल शाबूत असूनही तिला लागणारे प्लगइन, म्हणजे ध्वनीवर प्रक्रिया करणारे जोड-सॉफ्टवेअर, आता चालत नसल्याचे तेव्हाच लक्षात येते. म्हणून काम संपल्यावर प्रत्येक ट्रॅक सुरुवातीपासून शेवटपर्यंत साध्या वेव्ह फाइलच्या रूपात काढून ठेवणे शहाणपणाचे ठरते.

एवढे करूनही डिस्कमधून टकटक असा आवाज येऊ लागला आणि तिच्यावरच्या माहितीची दुसरी प्रत नसेल, तर ती ताबडतोब बंद करावी. ती पुन्हा पुन्हा सुरू करून पाहणे, दुरुस्तीचे सॉफ्टवेअर चालवणे किंवा झाकण उघडणे यांपैकी काहीही करू नये. माहिती परत मिळवणारे तज्ज्ञ अशी डिस्क धूळविरहित कक्षात उघडतात आणि तिच्याशी जुळणाऱ्या दुसऱ्या डिस्कचे हेड तिला बसवून एकदाच सावकाश वाचतात. तबकडीवरचा थर तोवर शाबूत असेल, तरच त्यांच्या हाती काही लागते.