‘त्याऐवजी हे वापरा’ या यादीमागची गोष्ट

घरच्या कॉम्प्युटरवर विकतच्या सॉफ्टवेअरऐवजी काय टाकू, असं कुणी विचारलं की तीच नावं सांगितली जातात. लिहायला आणि हिशोबाला लिब्रेऑफिस, इंटरनेटला फायरफॉक्स, व्हिडिओला व्हीएलसी, फोटोला गिम्प, झिप फायलींना सेव्हन-झिप. मीही हीच सांगतो. फक्त कारण म्हणून ‘फुकट आहेत ना’ एवढंच पुढे केलं जातं, ते मला पटत नाही. फुकट सॉफ्टवेअर उदंड आली आणि गेली. ही का उरली, ते त्यांच्या इतिहासात सापडतं.

सॉफ्टवेअर ही वेगळी विकायची वस्तू आहे, ही कल्पनाच उशिरा आली. आधी ते मशिनबरोबर यायचं. १९६९ मध्ये आयबीएमने त्याची किंमत वेगळी लावायचं जाहीर केलं. १९७६ मध्ये बिल गेट्स यांनी हौशी कॉम्प्युटरवाल्यांना उघडं पत्र लिहून, आमचं बेसिक हे प्रोग्रॅम लिहायचं सॉफ्टवेअर पैसे न देता वाटून घेणं ही चोरी आहे, असं बजावलं. १९८२ मध्ये अँड्र्यू फ्लूगलमन आणि जिम नॉफ यांनी अमेरिकेत वेगळी वाट काढली: प्रोग्रॅमच्या प्रती खुशाल वाटा, आवडला तर पैसे पाठवा. शेअरवेअर म्हणतात ते यातूनच रुजलं. सामान्य माणसाला परवडणारा हा पर्याय. त्यात एक उणीव मात्र होती. प्रोग्रॅमची मूळ संहिता, म्हणजे सोर्स कोड, सहसा करणाऱ्याच्याच घरी राहायचा. त्याने हात आखडला की खेळ संपला.

त्या उणिवेवरचा इलाज दुसरीकडे शिजत होता. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन या प्रोग्रॅमरना नव्या लेझर प्रिंटरमध्ये एक साधी सोय हवी होती: कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांना स्क्रीनवर कळावं. जुन्या प्रिंटरसाठी त्यांनी ती स्वतःच केली होती. नव्याचा सोर्स कोड कुणी देईना. पुढे २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्यांनी मुक्त कॉम्प्युटर-प्रणाली उभी करण्याचा ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि १९८९ मध्ये जीपीएल हा परवाना आला. वापरा, उघडून पाहा, बदला, वाटा. आणि बदललेलं वाटाल तेव्हा पुढच्यालाही हेच हक्क द्या. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दाने घोळ होतो आणि तो दरवेळी निस्तरावा लागतो. आपल्याकडे मोफत, म्हणजे पैसे न लागणारं, आणि मुक्त, म्हणजे वरचे हक्क देणारं, असे दोन शब्द आयते आहेत. ते जपून वापरावेत, कारण पुढची सगळी गोष्ट या फरकावर उभी आहे.

लिब्रेऑफिसचंच पाहा. १९८० च्या दशकाच्या मध्यात मार्को ब्योरिस या जर्मन मुलाने, अजून शाळकरी वयात, स्टारडिव्हिजन ही कंपनी काढली. तिचं स्टाररायटर वाढत वाढत स्टारऑफिस झालं. १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकी कॉम्प्युटर कंपनीने ती विकत घेतली. सनमध्येच काम केलेले सायमन फिप्स यांनी नंतर सांगितलेलं कारण मोठं व्यवहारी आहे: बेचाळीस हजार कर्मचाऱ्यांसाठी मायक्रोसॉफ्टचे परवाने घेण्यापेक्षा अख्खी कंपनी घेणं स्वस्त पडत होतं. २००० मध्ये सनने सोर्स कोड खुला केला आणि ओपनऑफिस जन्माला आलं. २०१० मध्ये ऑरॅकल या दुसऱ्या बड्या कंपनीने सनच गिळंकृत केली. आता या कामाचं काय होणार, या काळजीने त्यावर काम करणाऱ्या बऱ्याच जणांनी त्याच वर्षी २८ सप्टेंबरला वेगळी चूल मांडली आणि तिचं नाव ठेवलं लिब्रेऑफिस. मालक बदलत गेले तरी घरातल्या माणसाचं पत्रलेखन अडलं नाही, कारण परवाना मुक्त होता.

खरी अडवणूक प्रोग्रॅमपेक्षा फायलींची होती. डॉक ही वर्डची जुनी फाइल आतून कशी रचलेली आहे, हे बाहेरच्यांना वर्षानुवर्षं चाचपडत शोधावं लागलं. मायक्रोसॉफ्टने तो तपशील सगळ्यांसाठी खुला केला तो २००८ मध्ये. त्याआधी २००६ मध्येच ओडीएफ हा खुला नमुना आंतरराष्ट्रीय मानक झाला होता. तरीही ‘लिब्रेऑफिसमध्ये उघडलं की सगळं विस्कटतं’ ही तक्रार आजही येते, आणि बऱ्याचदा तिचं मूळ भलतीकडेच असतं. एक पानी पत्राची शेवटची ओळ दुसऱ्या पानावर उडी मारते तेव्हा फाइल बिघडलेली नसते. मूळ फॉन्ट या मशिनवर नसतो, त्याच्या जागी आलेल्या फॉन्टची अक्षरं केसभर रुंद असतात, आणि तो केस ओळीओळीत साठत जातो. म्हणून २००७ मध्ये रेड हॅट या मुक्त सॉफ्टवेअरवाल्या कंपनीने लिबरेशन फॉन्ट आणले: वळण वेगळं, पण प्रत्येक अक्षराची रुंदी एरियल आणि टाइम्स न्यू रोमनइतकीच. कॅलिब्रीसाठी असाच कार्लिटो आहे. तो टाकला की अनेकदा पत्र मुकाट्याने एका पानात बसतं. अशा बारीक कामाचं कौतुक कुणी करत नाही. मला ते फार मोलाचं वाटतं.

ब्राउझरची कथा थोडक्यात. मायक्रोसॉफ्टपुढे टिकाव लागेना तेव्हा नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीने १९९८ मध्ये आपला सोर्स कोड खुला केला. त्यातून मोझिला उभं राहिलं आणि नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्सची पहिली पक्की आवृत्ती आली. व्हीएलसीची सुरुवात पॅरिसजवळच्या एकोल सांत्राल या अभियांत्रिकी संस्थेत झाली. वसतिगृहातल्या पोरांना वेगवान नेटवर्क हवं होतं. ते मिळवायला १९९६ मध्ये त्यावरून व्हिडिओ दाखवायचा प्रकल्प हाती घेतला गेला. २००१ मध्ये तो जीपीएलखाली आला. गिम्प हेही अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातल्या स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांचंच काम, १९९५-९६ चं.

आता याच्या शेजारी पिकासा ठेवा. फोटो लावण्यासाठी घरोघरी आवडलेलं, मोफत आणि खरोखर चांगलं सॉफ्टवेअर. २०१६ मध्ये गूगलने ते बंद केलं. सोर्स कोड खुला नव्हता, त्यामुळे लाखमोलाचं असूनही ते पुढे नेणं कुणाच्याच हातात नव्हतं. मायक्रोसॉफ्टचं मूव्ही मेकर २०१७ च्या जानेवारीत असंच गेलं. मुक्त सॉफ्टवेअरलाही नवा मालक मिळतो. २०२१ मध्ये आवाज रेकॉर्ड करायचं ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर म्यूझ ग्रुप या कंपनीकडे गेलं आणि वापराची माहिती गोळा करण्याच्या प्रस्तावावर गदारोळ झाला. पण तिथे नाराज लोकांना कोड उचलून वेगळं होता आलं, आणि काही जण झालेही.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणाऱ्या मोफत सुधारणा, संपला. बरीच धडधाकट मशिनं विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत, त्यामुळे यादीत आता विंडोजच्या जागी टाकायच्या लिनक्स या मुक्त प्रणालीचंही नाव आवर्जून येतं. विचारणाऱ्याला मी आधी आहे त्याच विंडोजवर वरची सॉफ्टवेअर महिनाभर वापरायला सांगतो. ती जवळपास सगळी दोन्हीकडे चालतात. महिन्याने लिनक्स टाकलं की स्क्रीनवर फायरफॉक्सची तीच नारिंगी शेपटीची कोल्ही आणि व्हीएलसीचा तोच रस्त्यावरचा केशरी शंकू दिसतो, आणि जुनी पत्रं त्याच लिब्रेऑफिसमध्ये उघडतात.