किटमधून घरगुती अमेरिकन पेल एल

अमेरिकन पेल एल ही उबदार तापमानाला काम करणाऱ्या एल जातीच्या यीस्टने आंबवलेली, सोनेरी ते फिकट तांबूस रंगाची आणि हॉप्स या वेलीच्या फुलांचा ठळक गंध व कडवटपणा असलेली बिअर आहे. तिच्यातील अल्कोहोलचे प्रमाण साधारणपणे ४.५ ते ६.२ टक्के असते. बार्लीच्या माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) तयार अर्क, हॉप्स, यीस्ट आणि थोडे विशेष माल्ट यांच्या मोजून दिलेल्या संचातून, म्हणजे किटमधून, ही बिअर घरी बनवण्याची पद्धत अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया इत्यादी देशांत रूढ आहे. घरी पहिल्यांदा बिअर बनवणाऱ्यांना सहसा हाच प्रकार सुचवला जातो. त्याला साध्या चवीच्या लागर बिअरसारखी थंड तापमानाची दीर्घ मुदत लागत नाही आणि हॉप्सचा भरपूर गंध नवख्या हाताचे लहानसहान दोष झाकून घेतो. मात्र हा गंध फार लवकर उडून जाणारा असल्यामुळे प्रकार सोपा असला, तरी तो उत्तम साधणे तितके सोपे नाही.

या बिअरचा उगम आणि घरगुती निर्मिती यांचा संबंध जवळचा आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीने १९७५ साली काढलेल्या लिबर्टी एलमध्ये कॅस्केड या अमेरिकन हॉप्सचा मुक्त वापर केला होता. प्रकाराला कायमचा साचा मिळाला तो मात्र कॅलिफोर्नियातील चिको येथील सिएरा नेवाडा ब्रुअरीच्या पेल एलमुळे. या ब्रुअरीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या केन ग्रॉसमन यांचे त्याआधी त्याच गावात घरगुती बिअरचे साहित्य विकणारे दुकान होते. पॉल कामुसी यांच्यासह त्यांनी दुग्धव्यवसायातील जुनी भांडी जमवून ब्रुअरी उभारली आणि १९८० साली ही बिअर बनवायला सुरुवात केली. आजच्या अनेक किटांच्या कृती याच बिअरच्या धर्तीवर बेतलेल्या असतात. तिच्यासाठी वापरले जाणारे यीस्ट ‘चिको’ या नावाने ओळखले जाते आणि त्याच वंशातले मानले जाणारे सुके यीस्ट आता पाकिटातून कोठेही मिळते.

कॅस्केड ही जात अमेरिकेच्या कृषी विभागाच्या ओरेगनमधील संशोधन कार्यक्रमातून निघाली. इंग्लंडच्या फगल आणि रशियाच्या सेरेब्रिआंका या जातींचे रक्त तिच्यात आहे. १९५६ साली झालेल्या संकरातून निवडलेली ही जात १९७२ मध्ये लागवडीसाठी खुली करण्यात आली. युरोपीय हॉप्सचा गंध माती, गवत, फुले किंवा मसाल्यांकडे झुकणारा असतो, तर कॅस्केडला पपनसाच्या ताज्या सालीसारखा आणि काहीसा चिडाच्या डिंकासारखा वास येतो. इंग्लिश पेल एलमध्ये माल्टची बिस्किटासारखी चव आणि यीस्टचा फळांचा गंध पुढे असतो. अमेरिकन प्रकारात यीस्ट जाणीवपूर्वक मागे ठेवले जाते आणि हॉप्सला मोकळी जागा दिली जाते. कॅस्केडनंतर चिनूक, सेंटेनिअल, अमारिलो, सिम्को, सिट्रा अशा जाती आल्या आणि किटांमध्ये आता त्यांची मिश्रणेही मिळतात. अमेरिकेतील बहुतांश हॉप्स वॉशिंग्टन राज्यातील याकिमा खोऱ्यात पिकतात.

अमेरिकेत १९३३ साली दारूबंदी उठली, तेव्हा घरगुती वाइनला कायद्याने सवलत मिळाली. बिअर मात्र सवलतीबाहेर राहिली. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १४ ऑक्टोबर १९७८ रोजी सही केलेल्या कायद्याने ही उणीव दूर झाली. त्यानुसार एका प्रौढ व्यक्तीला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन बिअर स्वतःच्या वापरासाठी करता येते, पण विकता येत नाही. राज्यांना स्वतंत्र निर्णयाचा अधिकार असल्याने मिसिसिपी आणि अलाबामा यांनी २०१३ पर्यंत वाट पाहायला लावली. ब्रिटनमध्ये घरगुती बिअरसाठी लागणारा परवाना १९६३ सालीच रद्द झाला होता. तेथे आणि ऑस्ट्रेलियात हॉप्सचा कडवटपणा आधीच मिसळलेल्या अर्काचे डबे लोकप्रिय झाले. असा डबा गरम पाण्यात विरघळवून यीस्ट टाकले की काम होते, उकळावे लागत नाही. पेल एलच्या दृष्टीने ही सोय थोडी महागच पडते, कारण अर्क आटवताना हॉप्सचा गंध बहुतेक नाहीसा झालेला असतो आणि तो पुढे वेगळ्या हॉप्सने भरून काढावा लागतो.

अमेरिकन पद्धतीचे किट सामान्यतः ५ गॅलन म्हणजे सुमारे १९ लिटर बिअरचे असते. त्यात सुमारे ३ किलो द्रव अर्क किंवा त्याहून थोडी कमी अर्काची भुकटी, अर्धा किलोच्या आसपास भरडलेले क्रिस्टल माल्ट व ते भिजवण्याची कापडी पिशवी, गोळ्यांच्या रूपातील हॉप्सची २८ ग्रॅमची काही पाकिटे, सुमारे ११ ग्रॅम सुके यीस्ट आणि बाटल्यांसाठी साखर एवढे साहित्य येते. मोठे पातेले, झाकणाला हवाबंद नळी लावता येईल असे आंबवण्याचे भांडे, विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या तुलनेत द्रवाची घनता, मोजणारा हायड्रोमीटर, तापमापी, उपसनळी आणि बुचे बसवण्याचे यंत्र ही साधने एकदाच घ्यावी लागतात.

माल्टमधील स्टार्चचे नेमक्या तापमानाला साखरेत रूपांतर करणे हे बिअरनिर्मितीतले सर्वांत किचकट काम किट बनवणाऱ्याने आधीच उरकलेले असते. त्यामुळे किटची बिअर म्हणजे नुसते पाणी मिसळण्याचे काम, असा समज पसरला आहे. पेल एलच्या बाबतीत तो चुकीचा आहे. हॉप्स केव्हा टाकायचे, यीस्टला कोणते तापमान द्यायचे आणि तयार बिअरला हवेपासून कसे वाचवायचे, हे तिन्ही निर्णय घरच्या माणसाच्याच हाती राहतात आणि या प्रकाराचा कस त्यांवरच लागतो.

प्रारंभी क्रिस्टल माल्टची पिशवी ६५ ते ७० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात २० ते ३० मिनिटे बुडवून ठेवतात. त्यातून तांबूस रंग आणि कॅरमलची छटा उतरते. पाणी उकळीपर्यंत नेले, तर माल्टच्या सालीतील तुरट टॅनिन उतरते, म्हणून पिशवी वेळीच बाहेर काढावी लागते. नंतर गॅस बंद करून अर्क मिसळतात, कारण चालू आचेवर तो तळाला बसून करपतो. या गोड द्रावाला वर्ट म्हणतात. त्याला पहिली उकळी येताना फेस झपाट्याने चढतो आणि पातेल्यावरून नजर हटली, तर शेगडी साफ करण्यातच तास जातो. घरच्या पातेल्यात १९ लिटर मावत नसल्याने पुष्कळदा १० ते १२ लिटरच उकळून नंतर थंड पाणी घालतात. तथापि दाट वर्टमध्ये कडवटपणा कमी उतरतो आणि रंग अपेक्षेपेक्षा गडद होतो. यावर तोडगा म्हणून अर्धा अर्क सुरुवातीला आणि उरलेला उकळीच्या शेवटी मिसळतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल, तर औषधासारखा वास देणारी क्लोरोफेनॉल संयुगे तयार होतात. ती टाळण्यासाठी मेटाबायसल्फाइटची छोटी मात्रा पुरते.

हॉप्सच्या शंकूंतील पिवळ्या ग्रंथींत अल्फा आम्ले आणि बाष्पनशील तेले असतात. अल्फा आम्ले पाण्यात फारशी विरघळत नाहीत, पण दीर्घकाळ उकळल्यावर त्यांची रचना बदलून ती विरघळणारी आणि कडू होतात. तेलांचे याच्या अगदी उलट असते. ती उकळीच्या वाफेबरोबर निघून जातात. म्हणून एकाच जातीचे हॉप्स ६० मिनिटे उकळले तर मुख्यतः कडवटपणा देतात, शेवटच्या १५ मिनिटांत टाकले तर चव देतात आणि गॅस बंद केल्यावर टाकले तर गंध देतात. ६ टक्के अल्फा आम्ले असलेले २८ ग्रॅम कॅस्केड १९ लिटरसाठी तासभर उकळले, तर सुमारे २० आयबीयू इतका कडवटपणा येतो. आयबीयू हे कडवटपणाचे आंतरराष्ट्रीय एकक आहे. या प्रकारासाठी एकूण ३० ते ५० आयबीयू योग्य मानले जातात. किटच्या वेळापत्रकात नुसती मिनिटे दिलेली असतात, त्यांमागचे कारण क्वचितच लिहिलेले असते. ते कळले की गंध वाढवण्यासाठी आणखी हॉप्स विकत घ्यायची गरज उरत नाही, आहेत तेच उशिरा टाकले तरी फरक जाणवतो.

उकळी संपल्यानंतर वर्टला स्पर्श होणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक असावी लागते. त्यासाठी धुवावे न लागणारे फॉस्फोरिक आम्लयुक्त किंवा आयोडीनयुक्त द्रावण वापरतात. तांब्याच्या गुंडाळीतून नळाचे पाणी फिरवून किंवा पातेले बर्फाच्या पाण्यात बसवून वर्ट लवकरात लवकर २० अंशांपर्यंत आणतात, खळबळून त्यात हवा मिसळतात आणि यीस्ट सोडतात. बिअरला ऑक्सिजन हवा असतो तो याच एका टप्प्यावर. यीस्टला पेशींची वाढ करण्यासाठी तो लागतो.

किण्वन, म्हणजे आंबण्याची क्रिया, १८ ते २० अंशांना झाले, तर चिको वंशाचे यीस्ट अत्यंत स्वच्छ चव देते. किण्वनात उष्णता निर्माण होत असल्याने भांड्यातील तापमान खोलीपेक्षा काही अंश वर चढते आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत याकडे दुर्लक्ष झाले, तर उग्र अल्कोहोलांची जळजळ व अनावश्यक फळांचा वास येतो. पाण्याच्या टपात भांडे ठेवून त्याभोवती ओले कापड गुंडाळणे हा स्वस्त आणि विश्वासार्ह उपाय आहे. हवाबंद नळीतले बुडबुडे थांबणे म्हणजे किण्वन संपणे नव्हे. विशिष्ट गुरुत्व सलग दोन-तीन दिवस स्थिर राहिले, तरच ते संपले असे मानता येते. उदाहरणार्थ, प्रारंभी १.०५० असलेले गुरुत्व १.०१२ वर स्थिरावले, तर दोहोंतील फरकाला १३१.२५ ने गुणून सुमारे ५ टक्के अल्कोहोल निघते.

किण्वन बहुतांशी पूर्ण झाल्यावर २८ ते ५६ ग्रॅम हॉप्स थेट भांड्यात टाकून तीन ते पाच दिवस ठेवतात. याला ड्राय हॉपिंग म्हणतात. उष्णता नसल्यामुळे कडू आम्लांची रचना बदलत नाही, तेले मात्र अल्कोहोलयुक्त द्रवात उतरतात. हॉप्समध्ये जटिल शर्करा तोडणारी विकरेही असतात. त्यांच्यामुळे यीस्टला नवे खाद्य मिळून थांबलेले किण्वन पुन्हा सुरू होऊ शकते. इंग्लंडमधील ब्राउन आणि मॉरिस यांनी १८९३ सालीच ही गोष्ट नोंदवली होती. म्हणून ड्राय हॉपिंगनंतर गुरुत्व पुन्हा मोजल्याशिवाय बाटल्या भरू नयेत. वाढीव दाबाने काच फुटण्याचा धोका खरा आहे.

बाटलीतील फेसासाठी १९ लिटरला सुमारे ११० ग्रॅम साधी साखर थोड्या पाण्यात उकळून बिअरमध्ये हलक्या हाताने मिसळतात. ती यीस्ट खाते आणि तयार होणारा कार्बन डायऑक्साइड बंद बाटलीत विरघळतो. २० अंशांच्या आसपास यासाठी दोन आठवडे लागतात. उपसताना नळीचे टोक तळाशी बुडालेले ठेवतात. वरून धार सोडली की ऑक्सिजन मिसळतो आणि काही आठवड्यांत पपनसाच्या गंधाची जागा ओल्या पुठ्ठ्याचा वास घेतो. बाटल्या तपकिरी काचेच्या घेतात, कारण प्रकाश पडल्यास हॉप्सच्या कडू संयुगांपासून दुर्गंधी गंधकयुक्त पदार्थ तयार होतो. हिरव्या काचेचे संरक्षण त्या मानाने अपुरे पडते.

दारू मुरली की चांगली, हा समज या बिअरला लागू नाही. फेस नीट धरल्यावर ती फ्रिजमध्ये हलवावी आणि दोन-तीन महिन्यांत संपवावी. हीच अडचण किटलाही असते. दुकानात वर्षभर पडलेला द्रव अर्क काळपटतो व हॉप्सची आम्ले आणि तेले झिजतात. त्यामुळे किट घेताना ब्रँडपेक्षा पाकिटांवरची तारीख पाहणे अधिक उपयोगाचे ठरते. अर्काची भुकटी आणि निर्वात पाकिटातले, शीतकपाटात ठेवलेले हॉप्स अधिक टिकतात.

महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. त्यामुळे अमेरिका किंवा ब्रिटनमधील मराठी कुटुंबाला तेथील कायद्याच्या मर्यादेत ज्या गोष्टीची मुभा आहे, ती पुण्या-मुंबईतील घरात नाही. येथे ताजी बिअर मिळते ती राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना घेतलेल्या मायक्रोब्रुअरींत. पुण्यात २००९ साली सुरू झालेली दूलाली ही त्यांतील आरंभीच्या ब्रुअरींपैकी एक होय.