ग्रहीय तेजोमेघ

सूर्याच्या साधारण ०.८ ते ८ पट वस्तुमानाचा तारा आयुष्याच्या अखेरीस आपले बाहेरचे थर अवकाशात सोडून देतो. उघड्या पडलेल्या गाभ्याच्या प्रारणाने हा वायू उजळतो, तो ग्रहीय तेजोमेघ. ग्रहांशी त्याचा संबंध नाही. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शल यांना ही फिकट बिंबे ग्रहांसारखी भासली आणि १७८०च्या दशकापासून ते नाव चिकटले.

इंधन सरत आले की तारा फुगून तांबडा राक्षसी तारा होतो. त्याच्या थंड बाह्य थरांत धूळ तयार होते. ताऱ्याचा प्रकाश ही धूळ बाहेर रेटतो आणि धुळीबरोबर वायूही निघून जातो. हा वारा संथ असतो, सेकंदाला १०-२० किमी. पुढे गाभा उघडा पडून त्याचे तापमान ३०,००० केल्व्हिनवर गेले की अतिनील किरणांनी वायूचे अणू आयनीभूत होऊन (म्हणजे इलेक्ट्रॉन गमावून) प्रकाशू लागतात. त्याच सुमारास सेकंदाला हजार किमीहून वेगवान, पण विरळ वारा सुटतो. तो आधीच्या वायूवर आदळून त्याचे कवच बनवतो. सुन क्वॉक आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये ही उपपत्ती मांडली.

मग सगळे तेजोमेघ गोल का नाहीत? खरे कुतूहल इथेच आहे, कारण गोल तेजोमेघ थोडेच आढळतात. आज बहुतेक संशोधकांचा रोख जोडीदार ताऱ्याकडे आहे. त्याच्या भ्रमणामुळे मरणाऱ्या ताऱ्याचा वायू कक्षेच्या प्रतलात दाट साचतो. वेगवान वाऱ्याला तिथे अडसर होतो, ध्रुवांकडे मात्र वाट मिळते आणि तेजोमेघाला डमरूचा आकार येतो. ‘दक्षिण वलय’ (एनजीसी ३१३२) या तेजोमेघाच्या मध्यभागी ठळक दिसणारा तारा हा केवळ सोबती आहे. वायू सोडणारा तारा त्याच्या शेजारचा, मंद दिसणारा. जेम्स वेब दुर्बिणीच्या २०२२ मधील छायाचित्रांत हा दुसरा तारा धुळीने वेढलेला आढळला.

१८६४ मध्ये विल्यम हगिन्स यांना ‘मार्जारनेत्र’ तेजोमेघाच्या वर्णपटात अनोळखी हिरव्या रेषा सापडल्या. त्या ‘नेब्युलियम’ या नव्या मूलद्रव्याच्या मानल्या गेल्या. प्रत्यक्षात तो दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन होता, हे आयरा बोवेन यांनी १९२७ मध्ये दाखवले. अतिविरळ वायूतच या रेषा ठळक उमटतात.

काही हजार वर्षांत वायू पांगतो. त्यातला कार्बन आणि नायट्रोजन आंतरतारकीय माध्यमात, म्हणजे ताऱ्यांमधल्या विरळ वायू-धुळीत मिसळतो. मागे ताऱ्याचा उघडा गाभा, म्हणजे श्वेत बटू उरतो.

ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी वायव्येला उंचावर अभिजित हा ठळक तारा दिसतो. त्याच्याजवळ, स्वरमंडल तारकासमूहातील बीटा आणि गॅमा ताऱ्यांच्या दरम्यान एम ५७ हा वलयासारखा ग्रहीय तेजोमेघ लहान दुर्बिणीतूनही ओळखता येतो; त्याचा मध्यवर्ती तारा टिपायला मात्र मोठी दुर्बीण लागते.