बाबांच्या पेशी आधी, नाळेतल्या मागून

माझ्या भाचीचं बोन मॅरो ट्रान्सप्लांट 2020 मध्ये झालं. अप्लास्टिक अॅनिमिया होता, म्हणजे हाडांतल्या मॅरोत रक्त तयार होणंच जवळपास थांबलं होतं. भावंड नाही म्हणून भाऊजींच्या, म्हणजे तिच्या बाबांच्या रक्त बनवणाऱ्या पेशी, अर्धा मॅच (जुळणीच्या खुणा निम्म्याच जुळतात), आणि कोविड असल्यामुळे त्या आधीच काढून फ्रीज करून ठेवलेल्या. आम्हाला वाटत होतं मोठं ऑपरेशन असेल, पण साध्या रक्तासारखी पिशवी लावली आणि थोड्या वेळात संपली पण. खोलीत एक वेगळाच वास सुटला, ताई म्हणाली, "अरे, सराफ्यात भुट्ट्याचा कीस परततात ना, तसा वास येतोय!" (सराफा म्हणजे इंदूरचा रात्रीचा खाऊबाजार, आणि कीस म्हणजे किसून परतलेला मका.) पेशी गोठवताना डीएमएसओ नावाचं रसायन घालतात, ते पेशंटच्या श्वासातून बाहेर पडतं, त्याचा तो वास.

खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. जुना मॅरो औषधांनी दाबलेला, नवा अजून रुजलेला नाही, अंगात पांढऱ्या पेशी जवळपास शून्य, आणि साधं इन्फेक्शनसुद्धा जीवावर बेतू शकतं. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, सलग तीन दिवस 500 च्या वर राहिले की डॉक्टर म्हणतात, रुजलं. ताई रोजचा काउंट कॅलेंडरवर लिहायची, 15 व्या दिवसापर्यंत तिथे नुसती शून्यं आणि पॉइंट वनच (हजारातला आकडा, म्हणजे 100) होते.

हे दिवस कमी कसे करायचे, यासाठीच दोन ठिकाणच्या पेशी एकत्र द्यायची कल्पना आली. बाळाच्या नाळेतलं रक्त पहिल्यांदा 1988 मध्ये पॅरिसला एलियान ग्लुकमन यांनी वापरलं, फँकोनी अॅनिमिया (मॅरो निकामी करणारा जन्मजात आजार) असलेल्या मुलाला त्याच्या नवजात बहिणीचं. या पेशी फार नव्या, मॅच थोडा कमी असला तरी चालतं, पण एका पिशवीत पेशीच कमी, मॅरोच्या साधारण दहावा हिस्सा, त्यामुळे काउंट यायला तीन-चार आठवडे लागतात. मोठ्या माणसाला तर एक पिशवी पुरतच नाही कधीकधी.

मग असं करतात की नाळेच्या रक्तासोबत अर्ध्या मॅचच्या नातेवाईकाच्या निवडक स्टेम सेल्स, म्हणजे रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी, द्यायच्या. त्यातल्या टी-सेल्स, म्हणजे परक्या पेशींवर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशी, आधीच काढून टाकलेल्या असतात. या पेशी भरपूर असतात, त्या साधारण दोन आठवड्यांत काउंट वर आणतात, आणि नाळेतल्या पेशी मागून हळूहळू वाढत जाऊन पुढच्या महिन्यांत बहुतेक वेळा सगळा मॅरो ताब्यात घेतात, कारण टी-सेल्स त्यांच्याकडेच असतात. म्हणजे बाबांनी घर सांभाळायचं, पोर मोठं होईपर्यंत. मला ही कल्पना फारच आवडते.

पण जास्त पेशी म्हणजे जास्त फायदा असं मात्र धरून चालू नका. दोन वेगवेगळ्या बाळांच्या पिशव्या एकत्र दिल्या तर शेवटी बहुतेक वेळा एकच टिकते, दुसरी हटवली जाते. ल्युकेमिया झालेल्या मुलांमध्ये एक पिशवी की दोन याचा अभ्यास 2014 मध्ये आला, त्यात दोन दिल्याने जगण्याचं प्रमाण वाढलं नाही.

आणखी एक वाट म्हणजे मेसेंकायमल पेशी सोबत देणं. मॅरोमधल्या या आधार देणाऱ्या पेशी सीएक्ससीएल12 नावाचं रसायन सोडतात, शिरेतून सोडलेल्या स्टेम सेल्स त्याचाच माग काढत हाडापर्यंत पोचतात. आधार वाढवला तर रोप लवकर धरेल असा विचार, पण निकाल अजून कुठे चांगले, कुठे काहीच फरक नाही असे आहेत.

आपल्याकडे आता अर्धा मॅच आणि नंतर सायक्लोफॉस्फमाइड (हल्ला करणाऱ्या टी-सेल्स मारणारं औषध) हीच पद्धत जास्त चालते, कारण नाळेची पिशवी महाग पडते. इंदूरला एमवाय हॉस्पिटलमध्येही 2018 पासून ट्रान्सप्लांट होतात, त्यामुळे थॅलेसेमियाच्या मुलांचे आईवडील मला बरेचदा विचारतात की बाळाची नाळ खाजगी बँकेत ठेवू का. त्याच बाळाला थॅलेसेमिया असेल तर त्याच्या नाळेतही तीच जीनची चूक असते, ती त्याच्या कामाची नाही. मोठ्या आजारी भावंडासाठी विचार करत असाल तर आधी रक्ताच्या डॉक्टरांना भेटा, बँकेच्या एजंटला नंतर.

भाचीचा काउंट 19 व्या दिवशी 540 आला, 20 व्या दिवशी 700, आणि 21 व्या दिवशी ताईनं पेनानं गोल करून फोन केला.