गृहराज्यातील पराभव (अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक)

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ज्या राज्याचा म्हणून ओळखला जातो, त्याच राज्यातील मतदारांनी त्याला नाकारणे, याला गृहराज्यातील पराभव म्हणतात. तिथल्या राजकीय चर्चेत या घटनेला फार वजन आहे. ‘घरच्यांनीच मत दिले नाही’ हा टोमणा दर काही वर्षांनी कुणा ना कुणाच्या वाट्याला येतो, आणि ‘पिकते तिथे विकत नाही’ म्हणणाऱ्या मराठी वाचकाला तो लगेच पटतो. आकडे जवळून पाहिले, तर मात्र गृहराज्यात हरणे आणि गृहराज्यात नकोसे होणे या दोन निराळ्या गोष्टी असल्याचे दिसते. राज्य हरलेला उमेदवारही तिथे आपल्या पक्षाच्या नेहमीच्या मतांपेक्षा पुढे असू शकतो. उलट, राज्य पक्षाच्या मुठीत असूनही माणूस तिथल्या लोकांच्या मनातून उतरलेला असू शकतो.

या पराभवाला जी धार येते ती निवडणूक पद्धतीमुळे. राष्ट्राध्यक्ष ठरतो तो राज्यवार निर्वाचक मतांवर, म्हणजे प्रत्येक राज्यातून निवडलेल्या ठरावीक प्रतिनिधींच्या (निर्वाचकांच्या) मतांवर. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्ये सोडली, तर इतर सर्वत्र ज्याला एक मत जास्त त्याला त्या राज्याची सगळी निर्वाचक मते मिळतात. त्यामुळे घरचे राज्य शंभर मतांनी गेले काय किंवा लाखाने गेले काय, हिशेब सारखाच. भारतात राष्ट्रपती खासदार आणि आमदार निवडतात, त्यामुळे असा प्रश्न मतदारांपुढे येत नाही. आला तर तो पक्षांपुढे येतो. २००७ मध्ये शिवसेनेने आघाडीतल्या मित्रपक्षांचा उमेदवार बाजूला ठेवून, मराठी म्हणून प्रतिभा पाटील यांना मते दिली, ते याचे उदाहरण.

गृहराज्य कोणते?

हे ठरवणे वाटते तितके सोपे नाही. जन्माचे राज्य, वास्तव्याचे राज्य आणि राजकारण जिथे घडले ते राज्य ही तिन्ही वेगळी असू शकतात. अब्राहम लिंकन यांचा जन्म केंटकीचा. १८६० मध्ये त्या राज्यात त्यांना दीड हजार मतेसुद्धा पडली नाहीत. पण गुलामगिरी असलेल्या राज्यात दुसरे काय होणार? त्यांचे राजकारण इलिनॉयचे होते आणि इलिनॉय त्यांनी जिंकले, जरी त्यांची स्वतःची सँगॅमन काउंटी (जिल्हा) थोडक्यात प्रतिस्पर्धी स्टीफन डग्लस यांच्याकडे गेली. रिचर्ड निक्सन १९६८ मध्ये कागदोपत्री न्यूयॉर्कचे रहिवासी होते. न्यूयॉर्क हरले, जन्माचे कॅलिफोर्निया जिंकले. त्यांना कोणत्या रकान्यात टाकायचे, हे मोजणाऱ्याच्या मर्जीवर.

राज्यघटनेत उमेदवार कोणत्या राज्याचा रहिवासी, याचा संबंध एकाच ठिकाणी खऱ्या अर्थाने येतो. बाराव्या घटनादुरुस्तीनुसार निर्वाचकाला राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष या दोन्ही पदांसाठी आपल्याच राज्याच्या रहिवाशांना मत देता येत नाही. २००० मध्ये रिपब्लिकन उमेदवार जॉर्ज डब्ल्यू. बुश टेक्ससचे आणि त्यांचे उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार डिक चेनीही तिथेच राहत होते. उमेदवारी जाहीर होण्याच्या काही दिवस आधी चेनींनी आपली मतदार नोंदणी वायोमिंगला हलवली. ही चलाखी नसती, तर टेक्ससची ३२ निर्वाचक मते दोघांपैकी एकालाच मिळाली असती, आणि त्या वर्षी बुश-चेनी जोडीकडे बहुमतापेक्षा एकच मत जास्त होते.

घरच्या राज्याचा फायदा होतो का, यावर राज्यशास्त्रज्ञांनी काम केले आहे. मायकेल लुइस-बेक आणि टॉम राइस यांनी १९८३ मध्ये हा फायदा सरासरी चार टक्क्यांच्या आसपास मांडला. पण चार टक्के म्हणजे आधीच काठावर असलेल्या राज्यातच उपयोगी पडणारी शिदोरी. वीस टक्क्यांनी विरोधात असलेले राज्य तेवढ्याने फिरत नाही.

घर हरून पद मिळवणारे

जेम्स पोक १८४४ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले, पण टेनेसी त्यांना मिळाले नाही. हेन्री क्ले यांनी ते सव्वाशेपेक्षाही कमी मतांनी नेले. हा धक्का अनपेक्षित म्हणता येत नाही, कारण पोक टेनेसीचे गव्हर्नर असताना १८४१ मध्ये ते पद गमावून बसले होते आणि १८४३ मध्ये पुन्हा हरले होते. राज्याने दोनदा घरी बसवलेला माणूस देशाने उचलून धरला. वुड्रो विल्सन यांना १९१६ मध्ये न्यू जर्सीने नाकारले. ते त्या राज्याचे माजी गव्हर्नर आणि प्रिन्स्टन विद्यापीठाचे माजी अध्यक्ष होते. पण १८९६ पासून हे राज्य सतत रिपब्लिकनांना मत देत आले होते. अपवाद फक्त १९१२ चा, आणि त्या वर्षी रिपब्लिकन मते टॅफ्ट आणि थिओडोर रूझवेल्ट यांच्यात फुटली होती. तिसरे डोनाल्ड ट्रम्प, २०१६, न्यूयॉर्क. त्यांच्याकडे शेवटी येऊ.

फ्रँकलिन रूझवेल्ट यांची गंमत वेगळीच. चारही निवडणुकांत त्यांनी न्यूयॉर्क राज्य जिंकले आणि चारही वेळा त्यांच्या घराण्याचा वाडा असलेली डचेस काउंटी हरले. शेजारी जमीनदारांना हा माणूस मान्य नव्हता.

अल गोर आणि टेनेसी

गृहराज्यातील पराभवाचे सर्वांत महाग पडलेले उदाहरण हेच. २००० मध्ये बुश यांना २७१ आणि डेमोक्रॅटिक उमेदवार, तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांना २६६ निर्वाचक मते पडली. टेनेसीची ११ मते गोर यांच्याकडे आली असती, तर फ्लोरिडातली बुश यांची ५३७ मतांची आघाडी, तिथली फेरमोजणी आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल या कशालाच अर्थ उरला नसता. टेनेसी ते सुमारे ८० हजार मतांनी हरले. ग्रीन पक्षाच्या राल्फ नेडर यांना तिथे पडलेली मते सुमारे २० हजार, म्हणजे फ्लोरिडाप्रमाणे इथे त्यांच्यावर खापर फोडायची सोय नाही.

दहाच वर्षांपूर्वी, १९९० च्या सिनेट निवडणुकीत, याच गोर यांनी टेनेसीच्या सर्व ९५ काउंट्या जिंकल्या होत्या. मग मध्ये काय झाले? नेहमी दिले जाणारे उत्तर असे, की ते घर विसरले. वडील अमेरिकी संसदेचे (काँग्रेसचे) सदस्य असल्याने गोर यांचा जन्म वॉशिंग्टनचा, शाळाही तिथलीच, बालपण हॉटेलातल्या सदनिकेत आणि सुट्टी टेनेसीतील कार्थेज गावच्या शेतावर. काँग्रेसमध्ये असताना बंदूक आणि गर्भपात या विषयांवर त्यांची भूमिका टेनेसीच्या ग्रामीण मतदाराला मानवणारी होती; राष्ट्रीय नेते होताना ती बदलली. मे १९९९ मध्ये बंदुकांच्या जत्रांमधील विक्रीवर पार्श्वभूमी तपासणी लावणाऱ्या दुरुस्तीवर सिनेटमध्ये समसमान मते पडली, तेव्हा उपराष्ट्राध्यक्ष म्हणून निर्णायक मत गोर यांनीच दिले. बंदूकधारकांच्या राष्ट्रीय संघटनेने पुढच्या वर्षी ते मत राज्यभर फिरवले. तंबाखूचेही तसेच. बहीण फुप्फुसाच्या कर्करोगाने गेली हे त्यांनी १९९६ च्या पक्ष अधिवेशनात सांगितले आणि तंबाखूविरुद्ध लढण्याची शपथ घेतली. पण त्यांच्या कुटुंबाच्या शेतात तंबाखूचे पीक निघत असे आणि बहिणीच्या मृत्यूनंतरही काही काळ निघत होते, हे शेजाऱ्यांना ठाऊक होते. घरच्या मतदाराची ही एक अडचण असते. त्याला जुने आठवते.

गोर यांना धोका कळलेला होता. उमेदवारीची घोषणा त्यांनी जून १९९९ मध्ये कार्थेजच्या न्यायालयाच्या पायऱ्यांवरून केली आणि त्याच वर्षी प्रचाराचे मुख्यालय वॉशिंग्टनहून टेनेसीच्या राजधानीत, नॅशव्हिलला हलवले. तरीही राज्य गेले.

मात्र ‘घराने झिडकारले’ हा निकाल घाईचा आहे. १९९६ मध्ये क्लिंटन-गोर जोडी देशभरात साडेआठ टक्क्यांनी पुढे होती, टेनेसीत जेमतेम अडीच. म्हणजे राज्य तेव्हाच देशाच्या तुलनेत सहा टक्के रिपब्लिकनांकडे कललेले. २००० मध्ये गोर देशात अर्ध्या टक्क्याने पुढे आणि टेनेसीत सुमारे चार टक्क्यांनी मागे. तफावत साडेचार टक्के. २००४ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे जॉन केरी उमेदवार झाले, तेव्हा ते देशात अडीच आणि टेनेसीत चौदा टक्क्यांनी मागे पडले. तफावत जवळजवळ बारा. दक्षिणेतले गोरे ग्रामीण मतदार डेमोक्रॅटिक पक्षापासून दूर चालले होते. १९९४ मध्येच राज्याच्या दोन्ही सिनेट जागा आणि गव्हर्नरपद रिपब्लिकनांनी घेतले होते, आणि त्यातली एक जागा गोर यांनीच रिकामी केलेली. वडील अल्बर्ट गोर तर १९७० मध्येच या वाऱ्यापायी सिनेटची जागा गमावून बसले होते. गोर नसते, तर टेनेसी आणखी मोठ्या फरकाने गेले असते, असेच हे आकडे सांगतात. नावड होती, पण ती मुख्यतः पक्षाची.

१३ डिसेंबरला पराभव मान्य करताना गोर म्हणाले, की आता टेनेसीत जाऊन कुंपणे दुरुस्त करायची आहेत, शेतावरचीही आणि दुसऱ्या अर्थानेही.

हरले, पण नावडते नव्हते, आणि उलट

जॉर्ज मॅकगव्हर्न यांनी १९७२ मध्ये ४९ राज्ये गमावली, त्यात त्यांचे साउथ डकोटाही. पण देशात त्यांना साडेसदतीस टक्के मते पडली, तर घरी साडेपंचेचाळीस. १९४० पासून फक्त एकदा, १९६४ मध्ये, डेमोक्रॅटिक उमेदवाराला जिंकवणाऱ्या राज्यात ही कामगिरी वाईट नव्हती. दोनच वर्षांनी त्याच मतदारांनी त्यांना पुन्हा सिनेटवर पाठवले.

मिट रॉमनी यांची गोष्ट याहून बोचरी. मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नरपद भूषवूनही २०१२ मध्ये ते तिथे २३ टक्क्यांनी हरले. राज्य कट्टर डेमोक्रॅटिक, हे खरे. पण २००८ मध्ये ॲरिझोनाच्या जॉन मॅक्केन यांना तिथे ३६ टक्के मते पडली होती आणि रॉमनी यांना साडेसदतीस. देशभरातही रॉमनी मॅक्केनपेक्षा तेवढेच, दीड टक्क्याने, पुढे होते. म्हणजे चार वर्षे राज्य चालवल्याचा फायदा शून्य. गव्हर्नर असतानाच ते बाहेरच्या राज्यांत जाऊन आपल्या राज्यावर विनोद करत. मॅसॅच्युसेट्समध्ये परंपरावादी रिपब्लिकन असणे म्हणजे शाकाहाऱ्यांच्या संमेलनात गुरांचा व्यापारी असणे, अशा अर्थाचा त्यातला एक प्रसिद्ध आहे. बाहेर हशा मिळाला. घरच्यांनी लक्षात ठेवले.

खरी नावड दिसते ती स्वपक्षाच्या राज्यात. लुइझियाना हे खात्रीचे रिपब्लिकन राज्य. भारतीय वंशाचे बॉबी जिंदाल तिथे २००७ आणि २०११ मध्ये पहिल्याच फेरीत गव्हर्नर म्हणून निवडून आले. पुढे करवाढ न करण्याच्या हट्टापायी अंदाजपत्रकात भगदाड पडले, विद्यापीठांच्या अनुदानांना कात्री लागली, आणि साहेब मात्र अध्यक्षीय उमेदवारीची शर्यत जिथून सुरू होई त्या आयोवाच्या वाऱ्या करताना दिसू लागले. जून २०१५ मध्ये त्यांनी अध्यक्षपदाची उमेदवारी जाहीर केली, १७ नोव्हेंबरला मागे घेतली. चारच दिवसांनी गव्हर्नरपद डेमोक्रॅटिक पक्षाच्या जॉन बेल एडवर्ड्स यांनी बारा टक्क्यांच्या फरकाने जिंकले. रिपब्लिकन डेव्हिड व्हिटर यांच्या पराभवात त्यांच्या स्वतःच्या जुन्या भानगडीचाही हात होता, पण जिंदाल यांच्यावरचा राग हा एडवर्ड्स यांच्या प्रचाराचा मोठा आधार होता. याच सुमारास न्यू जर्सीत ख्रिस ख्रिस्टी यांचेही असेच झाले. २०१३ मध्ये साठ टक्के मते मिळवून परत आलेला गव्हर्नर, सहकाऱ्यांनी मुद्दाम घडवलेल्या पुलावरच्या वाहनकोंडीच्या प्रकरणाने आणि राज्याबाहेरच्या प्रचारदौऱ्यांनी घरी पार उतरला.

पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत पक्षाच्या वाऱ्याची सबब चालत नाही. मार्को रुबिओ २०१६ मध्ये आपल्याच फ्लोरिडात ट्रम्प यांच्याकडून हरले, मायामी-डेड ही एकच काउंटी राखू शकले आणि त्याच रात्री शर्यतीतून बाहेर पडले. एलिझाबेथ वॉरन २०२० मध्ये आपल्याच मॅसॅच्युसेट्सात तिसऱ्या आल्या. दोनदा गव्हर्नर म्हणून निवडून आलेल्या निक्की हेली यांना २०२४ मध्ये साउथ कॅरोलिनात ट्रम्प यांनी वीस टक्क्यांनी मागे टाकले.

ट्रम्प यांचे न्यूयॉर्क

२०१६ मध्ये न्यूयॉर्कने ट्रम्प यांना साडेछत्तीस टक्के मते दिली; चार वर्षांपूर्वीच्या रॉमनींपेक्षा किंचित जास्तच. प्रतिस्पर्धी हिलरी क्लिंटनही न्यूयॉर्कच्याच, त्यामुळे घरचा फायदा कुणाला द्यायचा हा पेच. रंगत शहराच्या आत आहे. जिथे त्यांचा टॉवर उभा आहे त्या मॅनहॅटनमध्ये रिपब्लिकन मते सुमारे पंधरा टक्क्यांवरून दहाच्या खाली घसरली, आणि २०१२ मध्ये ओबामांनी जिंकलेले स्टेटन आयलंड ट्रम्प यांनी छप्पन्न टक्के मते मिळवून घेतले. २०१९ मध्ये त्यांनी आपले कायमचे निवासस्थान फ्लोरिडातील पाम बीच असल्याचे जाहीर केले. २०२० ची निवडणूक ते हरले, पण फ्लोरिडा जिंकले. त्यामुळे नोंदीत त्या वर्षीचे ट्रम्प गृहराज्य राखणारे उमेदवार ठरतात.