डब्यावरचे वॅट आणि १२ व्होल्टची वायर

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने पहिला पीसी बाजारात आणला, तेव्हा त्यातला पॉवर सप्लाय, म्हणजे घरच्या लाइनची वीज आतल्या भागांना लागेल तशी करून देणारा डबा, होता ६३.५ वॅटचा. आजचं एखादं मध्यम ग्राफिक्स कार्ड एकटंच याच्या दुप्पट-तिप्पट वीज खातं. पण वॅटपेक्षा त्याची वाटणी बघा: ५ व्होल्टवर ७ अँपिअर, म्हणजे ३५ वॅट, १२ व्होल्टवर २ अँपिअर, म्हणजे २४ वॅट, उरलेली चिल्लर उणे ५ आणि उणे १२ व्होल्टवर. निम्म्याहून जास्त ताकद ५ व्होल्टकडे, कारण प्रोसेसर, मेमरी आणि बाकीच्या बहुतेक चिप ५ व्होल्टवर चालायच्या. १२ व्होल्ट लागायचे ते मुख्यतः फ्लॉपी ड्राइव्हची मोटर फिरवायला. पुढे ही वाटणी पार उलटी झाली. आज असेंबल केलेल्या पीसीसाठी पॉवर सप्लाय निवडताना जो घोळ होतो, त्याचं मूळ तिथेच आहे.

आयबीएमच्याच १९८३ च्या एक्सटी या मॉडेलमध्ये हार्ड डिस्क आली आणि वॅटचा आकडा १३० वर गेला. १९८४ च्या पुढच्या मॉडेलमध्ये, एटीत, १९२. एटीची नक्कल जगभर झाली, आणि त्यासोबत पी-८ व पी-९ हे दोन सारखे दिसणारे कनेक्टरही सगळीकडे पोचले. ते मदरबोर्डवर शेजारी-शेजारी बसायचे आणि अदलाबदल झाली की बोर्ड गेलाच म्हणून समजा. त्यामुळे त्या काळच्या प्रत्येक असेंबलरला एक नियम पाठ असायचा: काळ्या वायरी मधे, एकमेकींना चिकटून.

१९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे मदरबोर्ड आणि सप्लायचं नवं मानक आणलं. दोनाऐवजी २० पिनांचा एकच कनेक्टर, तोही उलटा न बसणारा. ३.३ व्होल्टची सोय सप्लायमध्येच झाली. एटीमध्ये पुढचं बटण थेट २३० व्होल्टची लाइन तोडायचं. आता बटण फक्त मदरबोर्डला इशारा देऊ लागलं आणि पीसी बंद असतानाही ५ व्होल्टची एक बारीक धार चालू राहू लागली.

खरी उलथापालथ २००० च्या आसपासची. प्रोसेसरला आता दोन व्होल्टच्याही खाली लागायचे, पण वॅट मात्र वाढत चालले होते. ६० वॅट ५ व्होल्टने न्यायचे तर वायरीतून १२ अँपिअर वाहणार. तेच १२ व्होल्टने नेले तर ५. वायर तापते ती करंटच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे फरक जवळजवळ सहापट. म्हणून पेंटियम ४ सोबत प्रोसेसरसाठी १२ व्होल्टचा वेगळा चार पिनांचा कनेक्टर आला. खालचं व्होल्टेज प्रोसेसरच्या शेजारीच, मदरबोर्डवर तयार होऊ लागलं. २००३ च्या एटीएक्स १२ व्ही २.० या आवृत्तीत मुख्य कनेक्टर २४ पिनांचा झाला आणि सप्लायचा जोर अधिकृतपणे १२ व्होल्टकडे सरकला. पुढे ग्राफिक्स कार्डंही बहुतांश त्याच वायरीवर जगू लागली.

डब्यावरचा आकडा मात्र होता तिथेच राहिला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून पीसी असेंबल करून आणणाऱ्यांना तो आकडा चांगला ठाऊक आहे: कॅबिनेटसोबत जवळजवळ फुकट येणारा ‘४५० वॅट’ एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लायच. हातात घेतला तर हलका. बाजूचं लेबल वाचलं तर १२ व्होल्टपुढे १५ अँपिअर, म्हणजे १८० वॅट. बाकीचे वॅट ५ आणि ३.३ व्होल्टच्या रकान्यांत, जिथे आज फारसं कुणी जेवायला येत नाही. सगळ्या रकान्यांची बेरीज करून वर मोठ्या अक्षरांत छापायची ही युक्ती. ऑफिसच्या साध्या मशीनला असा सप्लाय वर्षानुवर्षं पुरायचा. बोंब व्हायची ती मुलाने गेमसाठी कार्ड घातल्यावर. म्हणून माझ्या मते लेबलवर पहिल्यांदा १२ व्होल्टचे अँपिअर बघावेत. त्यांना १२ ने गुणून येणारा आकडा डब्यावरच्या वॅटच्या जवळपास असेल, तर पुढे बोलायचं.

त्या जुन्या एसएमपीएसच्या पाठीवर ११५/२३० चं एक लाल खटकं असायचं. आपल्याकडे ते चुकून ११५ वर राहिलं, तर आतला व्होल्टेज दुप्पट करणारा सर्किटचा भाग २३० चे सुमारे ६५० व्होल्ट डीसी करायचा: फट्ट आवाज, जळका वास, खेळ संपला. ॲक्टिव्ह पीएफसी, म्हणजे लाइनमधून वीज सुरळीत खेचणारं सर्किट, आल्यावर हे खटकं गेलं. पण आपल्याकडे त्याने नवीन कटकट आणली. भारनियमनाच्या वर्षांत घराघरांत आलेले स्वस्त यूपीएस चौकोनी लाट देतात, आणि लाइट गेल्यावर काही ॲक्टिव्ह पीएफसी सप्लाय त्यावर तग धरत नाहीत. यूपीएस असूनही पीसी रीस्टार्ट होतो.

२००४ मध्ये अमेरिकेत ‘८० प्लस’ हे सप्लायच्या कार्यक्षमतेचं प्रमाणपत्र सुरू झालं. २०, ५० आणि १०० टक्के लोडवर किमान ८० टक्के कार्यक्षमता, ही मूळ अट. ब्राँझ, गोल्ड वगैरे पायऱ्या नंतर आल्या. लोक गोल्डचा बिल्ला दर्जाचा दाखला समजतात. तो सांगतो फक्त किती वीज उष्णतेत वाया जाते ते. शॉर्ट झाल्यावर सप्लाय वेळेत बंद पडेल का, कपॅसिटर कसे आहेत, याबद्दल बिल्ला गप्प आहे. आणि ७५० वॅटचा सप्लाय घेतला म्हणून बिल ७५० वॅटचं येत नाही. मशीन मागेल तेवढंच तो देतो.

अलीकडचं प्रकरण ग्राफिक्स कार्डांचं. जुन्या आठ पिनांच्या कनेक्टरला १५० वॅटची मर्यादा, १२ व्होल्टच्या तीन पिनांत वाटलेली. प्रत्येकीवर चार-सव्वाचार अँपिअर. २०२२ च्या एटीएक्स ३.० सोबत आलेला सोळा पिनांचा कनेक्टर ६०० वॅटचा. त्यात १२ व्होल्टच्या पिना सहा, म्हणजे प्रत्येकीवर ८.३ अँपिअर, आणि पिनेची क्षमता ९.५. शिल्लक किती राहिली ते दिसतंच आहे. त्याच वर्षी एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० या कार्डाचे कनेक्टर वितळल्याचे फोटो यायला लागले. बऱ्याच ठिकाणी प्लग पूर्ण आत बसलेला नव्हता. सुधारित रूपात इशारा देणाऱ्या चार छोट्या पिना आखूड केल्या, म्हणजे प्लग अर्धवट असेल तर कार्ड पूर्ण वीज मागतच नाही. कार्डाचे क्षणिक झटके हा दुसरा मुद्दा: एटीएक्स ३.० नुसार मोठ्या सप्लायने १०० मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भार सोसायला हवा. त्याआधीचे काही चांगले सप्लायही अशा झटक्याला घाबरून बंद पडत.

एक गोष्ट मात्र कुठल्याच एटीएक्सने ठरवली नाही. मॉड्युलर, म्हणजे सप्लायपासून सुटी काढता येणाऱ्या केबलचं मदरबोर्डकडचं टोक ठरलेलं आहे, सप्लायकडचं नाही. एका कंपनीची केबल दुसरीच्या सप्लायला सहज बसते, पण आतल्या पिनांचा क्रम वेगळा असू शकतो, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ गेले की हार्ड डिस्क डेटासकट जाते. सप्लाय बदलला की केबलही सगळ्या बदलायच्या.