कोची : जुन्या बंदरनगरीतील वास्तू व खानपान

कोची (जुने नाव कोचीन) हे केरळमधील एर्णाकुलम जिल्ह्यातले, वेंबनाड सरोवर जेथे अरबी समुद्राला मिळते त्या मुखावर वसलेले बंदर आहे. आजचे महानगर मुख्यतः पूर्वेकडील एर्णाकुलम भागात पसरले असले, तरी ऐतिहासिक नगरी म्हणून जी पाहिली जाते ती पश्चिमेकडील चिंचोळ्या भूभागावर आहे. तिची दोन अंगे आहेत : समुद्राच्या तोंडावरील फोर्ट कोची आणि आतल्या बाजूची, वखारी व बाजारपेठ असलेली मट्टांचेरी. बहुतेक पर्यटक चिनी जाळी आणि एखादे चर्च पाहून परततात. परंतु ज्या मिरीच्या व्यापारासाठी हे शहर घडले त्याच्या खुणा मट्टांचेरीतच दाट आहेत. त्यामुळे दोन्ही भाग मिळून, शक्यतो पायी पाहिल्याखेरीज कोची समजत नाही.

१३४१ मध्ये पेरियार नदीला आलेल्या महापुराने उत्तरेकडील मुझिरिस हे प्राचीन बंदर गाळाने भरले आणि कोचीजवळ समुद्राचे मुख रुंदावले, असे मानले जाते. मलबारची मिरी त्यानंतर या मुखातून बाहेर जाऊ लागली. पेद्रू आल्व्हारिश काब्राल हा पोर्तुगीज दर्यावर्दी १५०० च्या अखेरीस येथे आला, तेव्हा कालिकतचा राजा झामोरिन याच्याशी वैर असलेल्या कोचीच्या राजाने पोर्तुगीजांना आश्रय दिला, आणि १५०३ मध्ये त्यांचा भारतातील पहिला किल्ला येथे उभा राहिला. १६६३ मध्ये डचांनी व १७९५ मध्ये इंग्रजांनी शहर घेतले. किल्ल्याचे आज थोडेच अवशेष उरले आहेत. डच बुरुजाच्या जागेवरील बॅस्टियन बंगला व १७२४ मधील डच दफनभूमी मात्र टिकून आहे.

फोर्ट कोचीच्या किनाऱ्यावर सागवान व इतर लाकडांच्या सांगाड्यांवर टांगलेली चिनी जाळी (मलयाळम : चीनावला) ही शहराची ओळख बनली आहे. ती चिनी व्यापाऱ्यांनी आणली अशी परंपरा आहे, तर पोर्तुगीजांनी मकावमार्गे आणली असे काही अभ्यासकांचे मत आहे. त्यांचे कार्य जवळून पाहण्यासारखे असते. आडव्या तुळईच्या एका टोकाला पसरलेले जाळे आणि दुसऱ्या टोकाला दोरांना बांधलेले मोठे दगड असतात. एक माणूस तुळईवरून पुढे चालत गेला की त्याच्या वजनाने जाळे पाण्यात उतरते. काही मिनिटांनी चार-पाच जण दोर ओढतात आणि दगड एकामागून एक खाली येताना जाळे वर उठते. एका खेपेत मिळणारी मासळी बहुधा थोडीच असते. लाकूड व दोर यांच्या देखभालीचा खर्च आणि खाडीतील जलपर्णी यांमुळे हा व्यवसाय टिकवणे कोळ्यांना कठीण जात आहे. म्हणून या जाळ्यांकडे छायाचित्राची पार्श्वभूमी म्हणून न पाहता चालू असलेला व्यवसाय म्हणून पाहणे योग्य ठरेल.

जवळच असलेले सेंट फ्रान्सिस चर्च हे भारतातील युरोपियनांनी बांधलेले सर्वांत जुने चर्च समजले जाते. मूळ लाकडी प्रार्थनागृहाच्या जागी सोळाव्या शतकाच्या आरंभी पक्की वास्तू उभी राहिली. २४ डिसेंबर १५२४ रोजी कोचीत मृत्यू पावलेल्या वास्को द गामाचे दफन येथेच झाले. १५३९ मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला नेण्यात आले, पण कबरीची जागा अजून दाखवली जाते. रोमन कॅथलिक, डच प्रोटेस्टंट, अँग्लिकन आणि आता चर्च ऑफ साउथ इंडिया असे या वास्तूचे धनी बदलत गेले. बाकांवर टांगलेले, बाहेरून दोरीने ओढावयाचे कापडी पंखे इंग्रजी अमदानीची आठवण देतात. सांता क्रूझ बॅसिलिकाची सध्याची इमारत १९०५ मधील असून तिच्यातील चित्रे अंतोनिओ मोस्केनी या इटालियन जेझुइट चित्रकाराची आहेत.

मट्टांचेरीचा राजवाडा पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकाच्या मध्यास बांधून कोचीच्या राजाला भेट दिला आणि डचांनी तो दुरुस्त केला, म्हणून तो ‘डच पॅलेस’ या काहीशा दिशाभूल करणाऱ्या नावाने ओळखला जातो. चौकातील भगवतीचे मंदिर व एकूण बांधणी मुख्यतः केरळी आहे. शयनगृहाच्या भिंतींवरील रामायणाची चित्रे हे या वाड्याचे खरे धन होय. गेरू, पिवळा आणि हिरवा या रंगांनी एकही इंच मोकळा न ठेवता आकृती एकमेकींना भिडवलेल्या असून, तेथे घाईने फिरणाऱ्याला प्रसंगांची साखळी उलगडत नाही.

वाड्यालगतच्या ज्यू टाऊनमध्ये १५६८ मध्ये बांधलेले ‘परदेशी’ या नावाचे सिनेगॉग (ज्यू प्रार्थनास्थळ) आहे. ही जागा राजाने वाड्याला लागून दिली होती, आणि १६६२ मध्ये पोर्तुगीजांनी नासधूस केल्यावर डच काळात ते पुन्हा उभारले गेले. जमिनीवर अठराव्या शतकात चीनमधून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या फरश्या आहेत. त्या हाताने रंगवलेल्या असल्याने एकीचे चित्र दुसरीशी तंतोतंत जुळत नाही. अनवाणी चालत खाली पाहत गेले, तर झाडाच्या फांदीचा बाक आणि रेषेची जाडी फरशीगणिक बदललेली दिसते. १७६० मधील घड्याळाच्या मनोऱ्यावर निरनिराळ्या लिप्यांतील आकडे आहेत. इस्राएलच्या स्थापनेनंतर बहुतेक कुटुंबे तिकडे गेली आणि आज समाज नाममात्र उरला आहे. मराठी वाचकांना जवळचा वाटावा असा एक दुवा येथे आहे : कोकण व मुंबईतील बेने इस्राएल समाजाला धर्मविधी शिकवण्यासाठी एकोणिसाव्या शतकात कोचीचे ज्यू शिक्षक आले होते.

दुसरा दुवा अधिक जुना आहे. पोर्तुगीजांच्या धर्मछळामुळे सोळाव्या शतकात गोव्यातून निघालेली गौड सारस्वत कुटुंबे मट्टांचेरीच्या चेरलाई भागात स्थिरावली. त्यांचे तिरुमल देवस्थान आजही समाजाचे केंद्र आहे आणि घरांत कोंकणी बोलली जाते. डच गव्हर्नर हेन्ड्रिक व्हान रेडे याने मलबारच्या वनस्पतींवर ‘होर्तुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला (१६७८–९३). त्यासाठी इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याबरोबरच रंग भट, विनायक पंडित व आपू भट या तीन कोंकणी वैद्यांचे साहाय्य झाले. त्यांचे नागरी लिपीतील कोंकणी निवेदन पहिल्या खंडात छापलेले आहे. नागरी लिपीच्या मुद्रणाचा हा अतिशय जुना नमुना कोचीतील कामातून निघाला, ही गोष्ट महाराष्ट्रात व गोव्यात जितकी परिचित असावयास हवी तितकी नाही.

कोचीचे खानपान याच वस्त्यांच्या क्रमाने समजून घेता येते. मट्टांचेरीच्या न्यू रोडवरील ‘कायीस रहमतुल्ला हॉटेल’ १९४८ पासून बिर्याणीसाठी प्रसिद्ध आहे. ही बिर्याणी लांब बासमतीची नसून आखूड, सुवासिक दाण्याच्या तांदळाची असते आणि मसाला भातावर स्वार होत नाही; सोबत खजुराचे लोणचे येते. दुपार टळण्याआधी जावे, कारण पदार्थ लवकर संपतात. गुजराती रोडवर कच्छी-गुजराती व्यापाऱ्यांची वस्ती असून तेथे फरसाण व मिठाई मिळते, आणि जवळच जैन मंदिर आहे. फोर्ट कोचीतील बेकऱ्यांत ब्रूडर हा डच वळणाचा गोडसर पाव अजून भाजला जातो. बर्गर स्ट्रीटवरील काशी आर्ट कॅफे १९९७ पासून चित्रप्रदर्शन व न्याहारी यांची सांगड घालत आला आहे. २०१२ मध्ये सुरू झालेल्या कोची-मुझिरिस बिएनाले या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनामुळे अशा जागा वाढल्या. या प्रदर्शनाचे मुख्य स्थळ राहिलेले ॲस्पिनवॉल हाऊस हीदेखील मुळात व्यापारी वखारच होती.

मासळीत करिमीन अग्रगण्य आहे. कोकणात व गोव्यात काळुंदर म्हणून ओळखला जाणारा हा मासा २०१० पासून केरळचा राज्यमासा आहे. करिमीन पोळिच्चतु करताना मसाला लावून तळलेला मासा कांद्याच्या परतणासह केळीच्या पानात बांधून तव्यावर ठेवतात. पान करपू लागले की त्याचा वास आत उतरतो. लाल रश्शाला आंबटपणा येतो तो कोकमाच्याच कुळातील, धुरी देऊन वाळवलेल्या कुडंपुळीने, त्यामुळे मालवणी जिभेला ही चव ओळखीची तरीही धुरकट लागते. नारळाच्या दुधातील मासळीची सौम्य मोयली अप्पमबरोबर (तांदळाच्या आंबवलेल्या पिठाच्या घावनाबरोबर) खावी. जाळ्यांजवळील मासे विकत घेऊन शेजारी शिजवून देण्याची सोय आकर्षक आहे. तेथे मासळीचा आणि शिजवण्याचा दर दोन्ही आधी ठरवून घ्यावेत, कारण तेथील सगळी मासळी समोरच्या जाळ्यांतील असतेच असे नाही.

महाराष्ट्रातून कोकण रेल्वेमार्गे नेत्रावती एक्सप्रेसने एर्णाकुलम गाठता येते. तेथून रस्त्याने पूल ओलांडून जाण्यापेक्षा बोटीने फोर्ट कोचीस जाणे स्वस्त आणि अधिक सुखाचे आहे. २०२३ मध्ये सुरू झालेली वॉटर मेट्रोही आता तेथवर पोहोचते. वाटेत दिसणारे विलिंग्डन बेट हे रॉबर्ट ब्रिस्टो या अभियंत्याच्या देखरेखीखाली बंदर खोल करताना निघालेल्या गाळातून तयार झाले आहे. राजवाडा शुक्रवारी आणि सिनेगॉग शुक्रवारी, शनिवारी व ज्यू सणांच्या दिवशी बंद असल्याने मट्टांचेरीसाठी रविवार ते गुरुवार यांतील दिवस निवडावा. सकाळी वाडा व सिनेगॉग, दुपारी बिर्याणी, नंतर मिरी-सुंठीच्या वखारींच्या बाजार रस्त्याने चालत फोर्ट कोची, हा क्रम ऊन आणि भूक या दोन्हींच्या दृष्टीने सोयीचा पडतो.